नवाबभाईच्या पाढ्यातली करंगळी

उस्मानपुऱ्यात जिथं नवाबभाईचं दुकान होतं, तिथं आता मोबाइलची कव्हरं टांगलेली असतात. त्या गल्लीत कुणालाही विचारा, नवाब कुठं गेला म्हणून. "तो व्हय, मशीन फोडणारा? लेकराचा डोळा घालवला त्यानं," असं सांगतील. सांगणाऱ्याच्या कानाखाली एक वाजवावी असं मला वाटतं. पण वाजवू कोणत्या हातानं? ते खोटं खरं करून ठेवलं ते मीच. एका शब्दानं.

मी द्वारकाबाई. तिथंच जवळ हेमचंद्रकाकांच्या घरी अकरा वर्षं स्वयंपाकाला आहे. माहेर गंगापूरकडचं, पण बामणांच्या घरांत पोळ्या लाटण्यात हयात गेली, म्हणून माझं बोलणं असं निम्मं तिकडचं, निम्मं इकडचं. हसू आलं तर हसा. पण मधी बोलू नका, मला राग लवकर येतो.

नवाबभाई म्हणजे पन्नाशीचा काटक माणूस. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. मायक्रोवेव्ह अन् ओव्हन, एवढंच काम घ्यायचा. कुणी मिक्सर नेला की मान वर न करता "पलीकडं" म्हणायचा. त्याच्या उजव्या हाताचं मधलं बोट वाकडं होतं. जवानीत एकदा प्लग काढलेल्या मशीनमध्ये हात घातला अन् झटका बसला, तेव्हापासून ते सरळ झालं नाय. "प्लग काढला म्हणजे मशीन मेलं असं समजू नका," तो म्हणायचा. "आत करंट दबा धरून बसतो. घरच्या माणसानं मागचा पत्रा खोलायचाच नाय. त्यासाठी मी आहे."

त्याची एक खोड होती. दुरुस्त झालेलं मशीन तो आणून देणाऱ्याच्या हातात द्यायचा नाय. साहेबलोक गाडी घेऊन यायचे, अन् हा विचारायचा, "घरी चलाता कौन? जो चलाता वोइच लेके जाएगा." साहेब चिडायचे. मशीन देतोय का मुलगी देतोय, म्हणायचे. हा आपला बिडी ओढत बसायचा. शेवटी घरची बाई यायची, नायतर माझ्यासारखी स्वयंपाकवाली. मग तिच्याकडून पाच बोटांवर पाच गोष्टी म्हणून घ्यायच्या, चुकलं तर पुन्हा, अन् मगच मशीन द्यायचं. गल्लीतली पोरं त्याला नवाबमास्तर म्हणायची अन् त्या पाच गोष्टींना नवाबचा पाढा.

हा पाढा कुठून आला, ते त्याच्या घरी गेल्यावर कळायचं. त्याची बायको कहकशाभाभी. गळ्यापासून खांद्यापर्यंत कातडी आक्रसलेली, ओढणी कायम तिथं घट्ट. लग्नानंतर नवाबभाईनं भंगारातलं एक मशीन दुरुस्त करून तिला कौतुकानं नेऊन दिलं. बटण कुठं दाबायचं तेवढं दाखवलं. तिनं कपात नुसतं पाणी ठेवलं. बुडबुडा दिसेना, म्हणून आणखी ठेवलं. बाहेर काढून त्यात कॉफीची पूड टाकली, तर अख्खा कप उसळून अंगावर आला. "मशीन दिलं अन् अक्कल नाय दिली, गुन्हा मेरा," असं तो मला एकदा म्हणाला. तेव्हा माझ्याकडं बघत नव्हता, एक स्क्रू घासत होता.

आमची गाठ पडली ती काकूंमुळं. कालिंदीकाकू म्हणजे हेमचंद्रकाकांची बायको. देव, सोवळं, चातुर्मास, सगळं कडक. घरात काका, काकू, त्यांचा मुलगा मंदारदादा अन् त्याची लेक सई. सूनबाईंची नोकरी पुण्याला, त्या शनिवारी यायच्या. चार वर्षांखाली काकूंनी नैवेद्याचा शिरा गार झाला म्हणून चांदीच्या वाटीसकट मायक्रोवेव्हमध्ये ठेवला. आत फटाफट ठिणग्या उडाल्या, वाटीची कड काळी झाली अन् मशीन बंद पडलं. मंदारदादा ते नवाबभाईकडं टाकून आले. आणायला गेले तर हात हलवत परत. मग मला पाठवलं, अन् माझ्यासोबत सईला, कारण तिला घरात बसवत नव्हतं. सात वर्षांची होती तेव्हा.

नवाबभाईनं आधी मशीनच्या दारात दहाची नोट धरली, दार लावलं, नोट ओढून बघितली. निघाली नाय. "दार घट्ट. नोट सरळ सरकली तर मशीन चालवायचं नाय, माझ्याकडं आणायचं." मग माझा हात पुढं करायला लावला.

"अंगठा?"

"रिकामं चालवायचं नाय."

"दुसरं?"

"स्टील नाय, चांदी नाय, सोनेरी काठाचा कप नाय."

"मधलं?"

"झाकण घट्ट लावायचं नाय, वाफेला वाट ठेवायची."

"हे चौथं?"

"नुसतं पाणी उकळायचं नाय. ठेवलंच तर आत लाकडी चमचा टाकायचा."

"करंगळी?"

"अंडं नाय."

"कोणतं अंडं?"

बामणाच्या घरची स्वयंपाकीण, मला काय ठाऊक कोणतं अंडं. तेव्हा तो उठून उभा राहिला. म्हणाला, "बाई, कवचाचं नाय हे सगळ्यांना कळतं. पण उकडून सोललेलं गरम करायला ठेवतात, ते त्याहून वाईट. वरून गार दिसतं, आत वाफ कोंडलेली. मशीनमध्ये शांत बसतं. काटा लावला, दात लावला, की फुटतं. तोंडावर फुटतं." मग सईपुढं बसला अन् तिच्याकडूनही पाढा म्हणून घेतला. तिनं एका दमात म्हणला अन् करंगळी त्याच्या नाकापुढं नाचवली. नवाबभाई हसला. मला त्या दिवशी लई बरं वाटलं, खरं सांगते. तोवर त्या घरात कुणी मला एखादी वस्तू देताना "समजलं का" असं विचारलं नव्हतं. आणली, ठेवली, चालव. जळली तर तूच जाळली.

मशीनच्या उजव्या बाजूला त्यानं पिवळ्या रंगानं पाचही ओळी लिहून दिल्या. अक्षर टपोरं, चौथी शिकलेल्या बाईला वाचता येईल असं.

पुढच्या वर्षी सई सारखी आजारी पडायला लागली. रक्त कमी. डॉक्टरांनी सांगितलं, रोज एक अंडं द्या. झालं, घरात जणू सुतक आलं. काकू म्हणाल्या, ज्या गॅसवर नैवेद्य होतो त्यावर अंडं शिजणार नाही, माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही. काका काय बोलणार? ते देवस्थानच्या मंडळावर, शाळेच्या संस्थेवर, गल्लीत कुणाकडं पूजा असली की पहिला पाट त्यांचा. पण नात गळून चालली होती. तेव्हा तोड काढली. अंडी मी माझ्या घरी उकडायची, मेथीच्या जुडीखाली पिशवीतून आणायची. मायक्रोवेव्ह स्वयंपाकघरातून हलवून मागच्या बाल्कनीत, वॉशिंग मशीनशेजारच्या बुटक्या स्टुलावर ठेवायचा. अंड्याची प्लास्टिकची वाटी वेगळी, काटा वेगळा. अन् घरात त्याला अंडं म्हणायचं नाय, औषध म्हणायचं. "सईला औषध दिलं का?" असं काकू देवघरातून विचारायच्या अन् हातातली जपमाळ थांबायची नाय.

मी काकूंना सांगितलं, की बाई, अंडं गरम करायला ठेवायचं नाय, नवाबभाईनं बजावलंय. मी त्यावर माझा मार्ग काढला होता. काचेच्या पेल्यात पाणी अन् लाकडी चमचा टाकून मशीनमध्ये तापवायचे, त्यात अंडं पाच मिनिटं बुडवून ठेवायचे, मग सोलून द्यायचे. वर्षभर असंच दिलं, काही झालं नाय. काकूंना त्या बजावण्याचं काही नव्हतं. त्यांना काळजी वेगळीच. एकदा हळदीकुंकवाला बायका यायच्या होत्या, तर मला म्हणाल्या, "द्वारकाबाई, ते मशीनवरचं शेवटचं खरवडून काढा. बाल्कनीत कुणी गेलं अन् वाचलं तर? आपल्या घरात तो शब्द लिहिलेला कशाला?"

मी सुरीनं खरवडलं. व्हय, मीच. पाचवी ओळ गेली, वरच्या चार राहिल्या.

तो दिवस बुधवार होता. सकाळचे सात. मला यायला दहा मिनिटं उशीर झाला, म्हणून मी अंड्यांचा डबा मंदारदादाच्या हातात दिला अन् थेट पोळ्यांना बसले. रोजचा पेला तेवढा राहिला. पोरगी म्हणाली असेल, गार अंड्याला वास येतो. शाळेची रिक्षा खाली हॉर्न वाजवत होती. दादानं अंडं सोलून वाटीत टाकलं, मिनिटभर लावलं. मी स्वयंपाकघरातून सईचा आवाज ऐकला. "बाबा, ठेवू नकोस, करंगळी आहे." अन् दादाचा, "काही होत नाही गं." मी तव्यावरची पोळी उतरवून उठणार, तेवढ्यात टिंग वाजलं.

स्टूल बुटका. मशीनचं दार सईच्या तोंडासमोर. दादानं दार उघडून काट्यानं अंडं टोचलं अन् ते फुटलं.

तो आवाज मी सांगत नाय. फटाका फुटावा तसा होता, एवढं पुरे. मी पोरीला उचललं अन् नळाखाली तोंड धरलं, पाणी सोडलं, धरूनच ठेवलं. ती किंचाळत होती, मला लाथा मारत होती. मंदारदादा काटा हातात घेऊन तसाच उभा. अन् काकू देवघरातून आल्या, बाल्कनीभर सांडलेलं पिवळं बघितलं, अन् पहिला शब्द काय काढावा? "द्वारकाबाई, आधी हे पुसा. शेजारचे येतील."

आग लावा त्या सोवळ्याला! नातीचा डोळा भाजलाय अन् ही बाई फरशी बघते. पण मी काय केलं? दादा पोरीला घेऊन दवाखान्यात पळाले, अन् मी पुसलं. मशीन आतून पुसलं, फरशी पुसली, कवचं पदरात बांधली. शेजारच्या बायका दाराशी आल्या तेव्हा सगळं लख्ख होतं. काकू रडत होत्या अन् सांगत होत्या, "मशीन फुटलं हो! त्या नवाबकडून दुरुस्त करून आणलेलं."

तिथून सुरू झालं. डॉक्टर म्हणाले, उजवा डोळा वाचला, डाव्यावर डाग राहील, नंबर लागेल. संध्याकाळपर्यंत बिल्डिंगच्या ग्रुपवर सईचा पट्टी बांधलेला फोटो आला. खाली मंदारदादानं लिहिलेलं, उस्मानपुऱ्यातल्या अमुक दुकानातून दुरुस्ती करून घेऊ नका, माझ्या मुलीचं असं झालं. ते बिल्डिंगीतून गल्लीत गेलं, गल्लीतून छावणीपर्यंत. दादाला वाटलं असेल, लिहिलं की आपल्या डोक्यावरचं ओझं उतरलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय. लोक नवाबभाईच्या दुकानात येऊन दुरुस्तीला दिलेली मशीनं न उघडता परत न्यायला लागले. एकानं तर काचेवर दगड मारला.

चौथ्या दिवशी नवाबभाई स्वतः आला. पेचकसाची पिशवी घेऊन, पांढरा शर्ट घालून. घरात काका, काकू, मंदारदादा, मी, अन् बिल्डिंगचे सेक्रेटरी बद्रीनाथराव, त्यांना काकांनीच बोलावून घेतलेलं. सई आत झोपलेली. नवाबभाई दारातच म्हणाला, "साहेब, बच्चीचं ऐकून मला घास जात नाय. चूक माझी असंल तर पोलिसात द्या. पण मला मशीन बघू द्या."

कुणाला नाय म्हणता आलं नाय. तो बाल्कनीत गेला. दार बघितलं, काच बघितली, दहाची नोट दारात धरून ओढली. काचेच्या पेल्यात पाणी अन् लाकडी चमचा टाकून मशीन लावलं. ते घरघर करत चाललं. पाणी गरम झालं. त्यानं पेला काकांपुढं आणला.

"फुटलेलं मशीन चालतं का, साहेब?"

मग त्यानं आतल्या बाजूचा अभ्रकाचा पत्रा काढला. पोस्टकार्डाएवढा असतो तो, मागं लाटा सुटायची जागा असते. मी सगळं पुसलं होतं, पण त्याच्या मागं कशी पोचणार? पत्र्याच्या पाठीवर पिवळं वाळलेलं होतं. त्यानं नखानं खरवडून वास घेतला अन् तो पत्रा सगळ्यांपुढं धरला.

"हे अंडं आहे. मशीन नाय फुटलं. अंडं फुटलं." मग मशीनच्या बाजूला बोट लावलं. "अन् मी पाच ओळी लिहिल्या होत्या. पाचवी कुठं गेली?"

तेव्हा बद्रीनाथराव हसले. म्हणाले, "नवाबभाई, कुणाच्या घरात बोलताय? इथं अंडं? हे तुमच्याच दुकानात लागलं असेल. तुमच्यात तर रोजचंच की."

नवाबभाईचं तोंड एवढंसं झालं. त्यानं मंदारदादाकडं बघितलं. दादा मोबाइलकडं बघत होता. मग काका बोलले, अगदी सावकाश, पूजा सांगतात त्या आवाजात. "वाद कशाला? द्वारकाबाई नऊ वर्षं या घरात आहेत. त्यांच्या हातूनच सगळं येतं-जातं. त्यांच्या प्रेरणाचा अर्ज येत्या आठवड्यात आमच्या संस्थेच्या मीटिंगला आहे. त्या काही खोटं बोलणार नाहीत. सांगा द्वारकाबाई, आपल्या घरात अंडं येतं का?"

प्रेरणा माझी लेक. काकांच्या संस्थेच्या शाळेत ऑफिसात कामाला, पाच वर्षं कंत्राटावर. दर उन्हाळ्यात काढायचे, दर पावसाळ्यात घ्यायचे. कायम होण्याची वाट बघत तिचं लग्न थांबलेलं. हे काकांना ठाऊक, मला ठाऊक. नवाबभाईला ठाऊक नव्हतं. तो माझ्याकडं बघत होता अन् त्याच्या तोंडावर सुटल्यासारखं आलं होतं. त्याला वाटलं, आता झालं, ही बाई सांगणार. हिच्याकडून मी पाढा म्हणून घेतलाय.

मी म्हणलं, "नाय. अंडं येत नाय."

एवढंच. चार शब्द झाले ते, पण काम पहिल्यानंच केलं.

त्यानं भांडावं, शिव्या द्याव्यात, माझी पिशवी उलटी करून दाखवा म्हणावं, असं मला वाटत होतं. पिशवीत त्या वेळीही होती चार अंडी, पोरीला औषध सुरूच होतं ना! पण तो नुसता माझ्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "हौ. बाई म्हणतात तर नसंल." अन् खाली बसून त्यानं अभ्रकाचा पत्रा पुसला, परत जागेवर लावला, स्क्रू आवळले. दुसरा कुणी असता तर तसाच टाकून गेला असता. जाताना दारात वळला अन् मला म्हणाला, "चालू आहे. रिकामं चालवू नका."

त्यो गेल्यावर काकूंनी मला चहा दिला, त्यांच्या कपात. नऊ वर्षांत पहिल्यांदा. "खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत, हे तुम्हाला कळतं, द्वारकाबाई," असं म्हणाल्या. तो चहा घशाखाली उतरला, हे मला आजही पटत नाय.

प्रेरणा कायम झाली. पेढे वाटले मी, गल्लीभर. नवाबभाईचं दुकान दिवाळीआधी बंद झालं.

मग वर्षभरानं मला तो गुलमंडीत दिसला. हातगाडीवर कुकरच्या रिंगा, शिट्ट्या, मिक्सरच्या भांड्यांची झाकणं. शेजारी कहकशाभाभी, ओढणी गळ्याशी घट्ट. मला कुकरची रिंग नको होती. तरी मी गाडीशी गेले. त्यानं ओळखलं. किती लिटरचा, म्हणून विचारलं. मी म्हणलं, पाचचा. तो रिंगा चाळत होता, तेव्हा मी हळूच म्हणलं, "नवाबभाई, अंडं होतं."

त्यानं रिंग ताणून बघितली. "मला ठाऊक आहे बाई. मला कशाला सांगता? मी तर पहिल्या दिवसापासून तेच सांगतोय." भाभीनं माझ्याकडं एकदा बघितलं अन् दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळली. नवाबभाईनं रिंग कागदात गुंडाळून दिली. "ज्यांच्यापुढं नाय म्हणालात, त्यांना सांगा." मग म्हणाला, "बच्चीचा डोळा कसा आहे?"

मी सांगितलं, जाड चष्मा लागलाय. त्यानं मान हलवली. मी घरी येईपर्यंत रडले, पण रडून काय होतं? रडणं फुकटचं असतं, त्यानं कुणाचं दुकान उघडत नाय.

सांगायला मला आणखी आठ महिने लागले. मी सांगायला गेलेही नाय, हे आधीच कबूल करते. ते आपणहून माझ्या पुढ्यात आलं.

गेल्या महिन्यातली गोष्ट. सकाळी सई स्वयंपाकघरात ओट्याशी बसून पोळी खात होती. आता अकरा वर्षांची. डाव्या डोळ्यानं वाचताना मान तिरकी करते. हॉलमध्ये काका पेपर वाचत होते, मधी नुसतं दार, तेही उघडं. सई पोळीचा तुकडा मोडता मोडता म्हणाली, "मावशी, एक विचारू? मशीन फुटलं तेव्हा मला वाटतं मी अंडं बघितलं होतं. वाटीत. पण बाबा म्हणतात, अंडं नव्हतंच, द्वारकामावशीनंही सगळ्यांपुढं तसंच सांगितलं. मग मला वाटतं, मलाच चुकीचं आठवतं. मी मैत्रिणींना पण तेच सांगते आता, की मला चुकीचं आठवतं."

तव्यावरची पोळी तशीच राहिली. त्या माणसाचं दुकान खाल्लं, नाव खाल्लं, ते तर खाल्लंच. या लेकराच्या डोळ्यावर डाग पडला तो अंड्यानं. पण तिनं डोळ्यानं बघितलेलं तिच्याकडून काढून घेतलं ते मी. माझं डोकं असं फिरलं की तवा उचलून आपटावासा वाटला.

मी मोठ्यानं बोलले. हॉलमध्ये जाईल एवढ्या मोठ्यानं. "तुला बरोबर आठवतं, सई. अंडं होतं. मीच माझ्या घरी उकडून आणलं होतं. रोज आणत होते. तू बाबाला ठेवू नकोस म्हणालीस, तेही मी ऐकलंय. मशीन धड होतं. नवाबभाईची काही चूक नव्हती. मी खोटं बोलले."

सईनं उजवा हात वर केला, अंगठ्यापासून एकेक बोट दुमडत करंगळीवर आली अन् ती तशीच धरून ठेवली.

"मग नवाबकाकांचं काय?" ती म्हणाली.

हॉलमध्ये पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. बाकी काही नाय. मी वाट बघितली, की काका उठून येतील, ओरडतील, चालती हो म्हणतील. म्हणाले असते तर मी गेलेही असते, अन् गल्लीच्या तोंडाशी उभी राहून बोंबलून सांगितलं असतं. तेवढं तरी बळ आलं असतं अंगात.

"द्वारकाबाई," काका म्हणाले, पूजेच्याच आवाजात, "चहा ठेवा."

सईची करंगळी अजून वर होती.

अन् मी चहा ठेवला.